मापलेली बुलेट आणि उडालेली बुलेट: ९ मिमी पिस्तुलातल्या जड ओतीव बुलेटचं एक प्रकरण

कागदावरची भोकं गोल नव्हती. २० मीटरवरून १५ राउंड झाडले होते, १४ कागदावर लागले होते आणि त्यातली ६ भोकं लांबोडकी होती. एका ठिकाणी तर बुलेटची अख्खी बाजू चपट्या नाकासकट उमटली होती, कुणी पेन्सिलीने गिरवावी इतकी स्पष्ट.

"ताई, बुलेट आडव्या जातायत," कागद माझ्यापुढे पसरत तो म्हणाला. "आणि नळी तर बघवत नाही."

हा माझा धाकटा मित्र. वर्षभर तो स्वतःची काडतुसं स्वतः भरत होता, तीही १२४ ग्रेनच्या तांब्याच्या आवरणाच्या तयार बुलेट वापरून, आणि त्यात त्याला एकदाही अडचण आली नव्हती. मग त्याने साचा घेतला, शिसं वितळवायला घेतलं आणि थेट १४७ ग्रेनच्या चपट्या नाकाच्या ओतीव बुलेटवर उडी मारली. कारण समजण्यासारखं होतं. लोखंडी पाट्या पाडण्याच्या स्पर्धांत जड आणि संथ बुलेट हाताला सोयीची वाटते. अशा बऱ्याच स्पर्धांत बुलेटचं ग्रेनमधलं वजन आणि फूट प्रति सेकंदातला वेग यांचा गुणाकार हजाराने भागतात आणि तो किमान १२५ असावा लागतो. १४७ ची बुलेट सुमारे ८८० फुटांच्या वेगाने गेली तरी हा आकडा १२९ येतो. हलकी बुलेट त्यासाठी बरीच जोरात हाकावी लागते, जड बुलेटचा धक्का मात्र मवाळ, ढकलल्यासारखा येतो. शिवाय हा वेग आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सुमारे ११२५ फुटांच्या, बराच खाली असल्याने हवेत फुटणारा तो कडाका ऐकू येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या लेखात पावडरचं वजन कुठेही नाही आणि ते मुद्दाम नाही. ते आकडे पावडरच्या उत्पादकाच्या छापील तक्त्यातून, त्याच बुलेटसाठी, त्याच लांबीसाठी घ्यायचे असतात आणि तळच्या आकड्यापासून सुरुवात करायची असते. लेखात वाचलेल्या आकड्याने कुणी काडतूस भरू नये. आणि जिथे कायद्याने परवानगी नाही तिथे हे काम करूच नये.

तर तक्रारी तीन होत्या. बुलेट आडव्या लागत होत्या. नळीत शिसं साचत होतं. आणि दर वीस-पंचवीस राउंडांमागे एखादा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत, पुरता बसत नव्हता, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) दोन-तीन मिलिमीटर मागेच अडकून राहायची आणि तळव्याने ठोकून ती पुढे ढकलावी लागायची. तो या तिन्हींना तीन वेगळे आजार समजून वेगवेगळी औषधं देत होता. शिसं साचतंय म्हणजे मिश्रधातू मऊ आहे, म्हणून त्याने तो कडक केला. वंगण कमी पडत असेल, म्हणून दुप्पट लावलं. आडव्या जातायत म्हणजे वेग कमी पडतोय, म्हणून पावडर थोडी वाढवली. आणि स्लाइड अडकते म्हणून शेवटच्या क्रिम्प डायचा, म्हणजे भरलेल्या काडतुसाचं तोंड आवळणाऱ्या साच्याचा, दाब आणखी वाढवला. चारही उपायांनी प्रकरण चिघळत गेलं.

पावडर वाढवल्याचं ऐकून मी त्याला तिथेच थांबवलं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी नळी उतरवून उजेडासमोर धरली. शिसं किती साचलंय हे सगळेच बघतात, पण ते कुठे साचलंय हे बघायला हवं. तोंडाकडच्या टोकाला शिसं असेल तर बहुधा वंगण वाटेतच संपलेलं असतं. चेंबरच्या लगेच पुढे, रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) जिथे सुरू होतं तिथेच थर असेल तर बुलेट नळीत घट्ट बसत नाहीये असा संशय घ्यायचा. या नळीत पहिला दीड इंच राखाडी चिखल लिंपल्यासारखा झाला होता, कंगोऱ्यांच्या कडेला शिशाच्या अक्षरशः सळया दिसत होत्या. पुढचा भाग मात्र जवळजवळ स्वच्छ. वंगण निर्दोष होतं, त्याने जास्तीचं लावलेलं तर निव्वळ धूर करत होतं.

घट्ट न बसलेली बुलेट काय करते हे डोळ्यांसमोर आणायला हवं. चाप ओढल्यावर पावडरचे तप्त वायू बुलेटच्या बुडावर आदळतात. बुलेट नळीच्या खाचांमध्ये भरून बसली असेल तर वायूंना पुढे सटकायला फट नसते. बूड अर्ध्या-एक हजारांश इंचानेही बारीक असेल तर वायू कडेने घुसतात आणि गॅसकटरच्या ज्योतीसारखे शिशाची कड खातात. खाल्लेलं शिसं समोरच्या गार पोलादावर चिकटतं. पुढची बुलेट त्या थरावरून जाते, आणखी खरवडली जाते, थर वाढतो. काही राउंडांनंतर खाचा इतक्या भरतात की बुलेटला पीळ मिळत नाही, ती नुसती घसरत जाते. आणि पीळ न मिळालेली लांब बुलेट हवेत गडगडते. ९ मिमीच्या बहुतेक नळ्यांत दर १० इंचांत एक फेरा असतो, १४७ ग्रेनला तो पुरतो. म्हणजे पीळ कमी पडत नव्हता, बुलेट तो पकडतच नव्हती.

हे सांगितल्यावर त्याने वही पुढे केली. वही फार नीटनेटकी होती, त्याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. "पण ताई, मी प्रत्येक बुलेट मापलीय. साइझरमधून, म्हणजे बुलेट ठरल्या मापाची करणाऱ्या कड्यातून, काढल्यावर ३५६. एकसुद्धा कमी नाही."

कारखान्यातली माणसं हजारांश इंचाला 'थाऊ' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. ३५६ म्हणजे ०.३५६ इंच. ९ मिमीच्या आवरणवाल्या बुलेट ३५५ च्या असतात. ओतीव शिशाची बुलेट नळीच्या खाचांच्या मापापेक्षा निदान एक थाऊ जाड असावी असा जुना आणि खरा संकेत आहे.

मग नळीचं खरं माप काढायचं ठरलं. छापील माप ३५५ असलं तरी प्रत्येक नळी वेगळी असते. आधी तिच्यातलं साचलेलं शिसं काढलं. जुन्या ब्रशभोवती शुद्ध तांब्याची काथ्यासारखी तार गुंडाळायची आणि चेंबरकडून ढकलायची, शिशाचे पापुद्रे कागदावर गळून पडतात. तार खरंच तांब्याची आहे ना हे चुंबक लावून बघावं, तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार नळी ओरखडते. काहीजण साचलेलं शिसं काढायला त्यावरून आवरणवाल्या बुलेट झाडतात. कृपा करून तसं करू नका, अरुंद झालेल्या नळीतून कडक बुलेट ढकलणं म्हणजे दाब वाढवून घेणं.

नळी स्वच्छ झाल्यावर तिला तेलाचा हात दिला, शुद्ध शिशाचा थोडा जाडसर गोळा तोंडावर ठेवला आणि पितळी कांबीने हलक्या टोल्यांनी आरपार काढला. या नळीला सहा खाचा होत्या, म्हणून समोरासमोरच्या खाचा मायक्रोमीटरमध्ये सरळ मापता आल्या. पाच खाचांच्या नळीत हे इतकं सोपं नसतं. माप आलं ३५५.५. साध्या कॅलिपरवर या कामात विसंबून राहू नये, त्याची चूकच एक थाऊची असू शकते आणि आपलं सगळं भांडण अर्ध्या-एक थाऊचं आहे.

म्हणजे त्याची ३५६ ची बुलेट नळीपेक्षा अर्धा थाऊ जाड होती. काठावरची, पण इतकी वाईट नव्हती की पहिल्या दीड इंचात चिखल व्हावा. कारखान्याची तयार काडतुसं त्याच पिस्तुलातून त्याने माझ्यासमोर झाडली, भोकं गोल आणि एकाजवळ एक. नळी ठीक होती. वही खोटं बोलत नव्हती, आणि तरी नळी सांगत होती की बुलेट बारीक आहे.

अशा वेळी दोघंही खरं बोलतायत असं धरून चालायचं. त्याने बुलेट मापली होती ती काडतुसात बसवायच्या आधी. नळीत गेली ती काडतुसात बसवल्यानंतरची. मधे काय घडतं ते कुणीच मापलेलं नव्हतं.

त्याच्या भरलेल्या राउंडांतला एक घेतला आणि बुलेट ठोकून बाहेर काढायच्या हातोडीसारख्या पुलरमध्ये घातला. पुलरच्या तळाशी कापसाचा बोळा ठेवला, म्हणजे बुलेटचं नाक चेपत नाही. तीन ठोक्यांत बुलेट सुटली. पावडर वेगळ्या वाटीत ओतून बाजूला ठेवली. बुलेट कापडाने पुसून मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली. बुलेटच्या अंगावर नळीला टेकणाऱ्या तीन पट्ट्या असतात. नाकाजवळची पट्टी ३५६. मधली पट्टी ३५५. बुडाची पट्टी ३५३.५.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्वतः मायक्रोमीटर घेऊन पुन्हा मापलं, बुलेट थोडी फिरवून आणखी एकदा. तेच. वायूंना अडवायचं असतं बुडाने, आणि बूडच नळीपेक्षा दोन थाऊ बारीक झालं होतं. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं, एकदा कुठे बघायचं हे कळल्यावर: बुडाकडच्या पट्टीला किंचित उतार आला होता आणि तिथलं शिसं घासून चकाकत होतं.

"ओढताना झाली असेल का बारीक?" त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता, म्हणून तोही तपासला. एका केसचं (काडतुसाच्या पितळी कवचाचं) तोंड भरपूर सैल करून त्यात ३५६ ची बुलेट बोटाने दाबून बसवली आणि तशीच ठोकून काढली. ३५६ च निघाली. म्हणजे ओढण्याने काही होत नव्हतं, बसवतानाच ती चेपत होती.

९ मिमीची केस ही या कामात अवघड का, हे इथे सांगायला हवं, कारण .४५ सारख्या काडतुसातून इकडे येणारे हटकून इथेच फसतात. ही केस सरळ नळकांडं नाही. बुडाशी ती ०.३९१ इंच आणि तोंडाशी ०.३८० इंच, म्हणजे बाहेरून निमुळती. आणि आतून तिची भिंत खाली जाता जाता जाड होते. म्हणजे आतली पोकळी वरून सैल आणि खालून आवळत जाणारी. केस एकूण ०.७५४ इंच लांब. १२४ ची आखूड बुलेट वरच्या पातळ भागातच बसते. त्याची १४७ ची बुलेट ०.६६ इंच लांब होती आणि राउंडची एकूण लांबी १.१० ठेवलेली, हिशोब केला तर बुलेटचं बूड केसच्या तोंडापासून ०.३१ इंच खाली जात होतं. भिंत जिथे जाड व्हायला लागते नेमकं तिथे. त्याच्या १२४ च्या राउंडांत बूड जेमतेम ०.२२ इंचावर थांबत होतं आणि वरून तांब्याचं आवरण. वर्षभर काही बिघडलं नाही ते म्हणूनच.

पितळ कडक, शिसं मऊ. बुलेट केसला फारशी फुगवत नाही, केसच बुलेटला आवळते. आपण हजार रुपयांचा साइझर असो की दहा हजारांचा, त्यातून काढलेली बुलेट शेवटी आणखी एका साइझरमध्ये खुपसतो, आणि तो म्हणजे ही केस.

पण गुन्हेगार एकटी केस नसावी असा मला संशय होता, कारण अडीच थाऊ म्हणजे फार झालं. म्हणून आम्ही एक संध्याकाळ फक्त डमी बनवण्यात घालवली. प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) नाही, पावडर नाही, नुसती केस आणि बुलेट. प्रत्येक पायरीनंतर पाच डमी फोडून बूड मापायचं. या संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं, आणि त्याला एकही राउंड झाडावा लागला नाही.

पहिल्या पाच डमीत बुलेट त्याच्या नेहमीच्या एक्सपांडरने, म्हणजे केसचं तोंड रुंद करणाऱ्या दांड्याने, उघडलेल्या केसमध्ये बसवली, क्रिम्प मुळीच नाही. बूड ३५४.५. म्हणजे दीड थाऊ इथेच गेला. एक्सपांडर काढून मापला तर ३५३ चा निघाला, आणि आखूड. त्याच्या डायचा संच आवरणवाल्या ३५५ च्या बुलेटसाठी बनवलेला, त्या कडक असतात आणि आवळलेलं पितळ त्यांना उलट हवंच असतं. तो एक्सपांडर केसच्या तोंडाला उघडायचा आणि फारतर पाव इंच खाली जायचा. त्याखालचा भाग साइझिंग डायने (वापरलेली केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने) आवळलेला तसाच राहायचा.

दुसऱ्या पाचांत तेच सगळं, आणि शेवटी त्याची आवडती क्रिम्प डाय. बूड ३५३.५. हरवलेला शेवटचा थाऊ सापडला. या प्रकारच्या डायच्या तोंडाशी कार्बाइडचं कडं असतं आणि ते भरलेला राउंड पुन्हा एकदा वरून खाली आवळून काढतं, हेतू असा की चेंबरमध्ये अडकणारा राउंड राहूच नये. आवरणवाल्या बुलेटसाठी ती उपकारक आहे. जाड ओतीव बुलेट बसवल्यावर केसला जो बारीकसा फुगवटा येतो तो हे कडं दाबून टाकतं. पितळ थोडं उसळून परत येतं, आतलं शिसं मात्र चेपलं ते चेपलंच. स्लाइड अडकते म्हणून तो याच डायचा दाब वाढवत होता. एक तक्रार दाबताना दुसरीला तो स्वतः खतपाणी घालत होता, आणि तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असल्याचं इथे आम्हा दोघांना एकदमच कळलं.

कडक मिश्रधातूबद्दलही बोलायला हवं, कारण हा समज फार खोल रुजलेला आहे. शुद्ध शिशाचा ब्रिनेल अंक, म्हणजे कडकपणाचं माप, ५ च्या आसपास असतो. ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी अशा मिश्रणाचा सुमारे १५. छपाईची अक्षरं ओतायच्या लायनोटाइप धातूचा सुमारे २२. तो १२ च्या आसपासच्या धातूवरून थेट लायनोटाइपवर गेला होता. शिसं नळीत साचलं की ते 'मऊ पडलं' असं वाटणं साहजिक आहे, पण ते मऊ म्हणून नाही, फटीतून वायू गेला म्हणून साचतं. उलट बारीक झालेलं मऊ बूड दाबाखाली थोडं फुलून फट बुजवू तरी शकतं, कडक बुलेट तेही करत नाही. दुसऱ्या बाजूने केसमध्ये चेपण्याला कडक बुलेट थोडा जास्त विरोध करते, हेही खरं, त्याच्या लायनोटाइपच्या बुलेटचं बूड मऊ बुलेटपेक्षा अर्धा थाऊ कमी चेपलं होतं. पण बारीक ती बारीकच. आणि महागाचा धातू वापरून पदरात पडलं काय, तर अँटिमनी हलका असल्याने त्याच साच्यातली बुलेट चार ग्रेनने हलकी झाली. माझं मत विचाराल तर पिस्तुलाच्या या वेगाला १२ ते १५ चा धातू उत्तम, आणि आधी माप, मग कडकपणा.

आता पावडर वाढवण्याबद्दल. ९ मिमीची केस आत फार छोटी आहे. जड बुलेट खोल बसली की उरलेली जागा आणखी कमी होते आणि जागा कमी झाली की दाब सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. स्पीअर कंपनीने केलेली एक चाचणी रीलोडर मंडळींना ठाऊक असते: ९ मिमीचा २८,००० सीयूपी (दाब मोजायचं एक एकक) दाबाचा राउंड, फक्त बुलेट मुद्दाम ३० थाऊ आत ढकलली, तर दाब ६२,००० सीयूपीवर गेला. ३० थाऊ म्हणजे मिलिमीटरच्या पाऊण भागाइतकं. पावडर तेवढीच. आणि त्याच्या राउंडांत तर बुलेट धरून ठेवणारी पकडही भरवशाची नव्हती. कड्याने आवळल्यावर पितळ उसळतं, शिसं उसळत नाही, म्हणजे दोघांमधली पकड सैल होते. मी एक राउंड अंगठ्याने टेबलाच्या कडेवर जोर लावून दाबला, बुलेट आत सरकली. मॅगझिनमधून वर येताना नाक रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आपटतं तेव्हा याहून जास्त जोर लागतो. ही बाब त्याच्या तिन्ही तक्रारींत नव्हतीच, पण माझ्या लेखी सगळ्यात गंभीर तीच होती. आडवी गेलेली बुलेट कागद खराब करते, आत सरकलेली बुलेट पिस्तुल आणि हात.

दुरुस्तीला सुरुवात एक्सपांडरपासून केली. ओतीव बुलेटसाठीच बनवलेला, पायरीचा एक्सपांडर मिळतो: खालचा भाग बुलेटपेक्षा किंचित बारीक आणि बुलेट जिथवर जाते तिथवर पोचणारा, वर एक छोटी पायरी बुलेटच्या मापाची, म्हणजे बुलेट हाताने सरळ उभी राहते आणि बसवताना कड खरवडत नाही. आम्ही ३५६ मापाचा लांब एक्सपांडर घेतला. पितळ थोडं परत येतं, म्हणून पकड राहतेच.

मग साइझर बदलून बुलेट ३५७ ची केली आणि उत्साहाच्या भरात त्याने ३५८ चाही साइझर मागवला, "नळी आणखी भरेल ना". डमी बनवून नळीत टाकून बघितल्या. ही चाचणी फार साधी आणि फार मोलाची आहे. नळी पिस्तुलातून काढायची, तोंड खाली धरायचं, राउंड चेंबरमध्ये सोडायचा. 'टक्' आवाज करून बसला पाहिजे, बोटाने गोल फिरला पाहिजे, नळी उलटी केली की आपणहून बाहेर पडला पाहिजे. ३५७ च्या डमी बसल्या. ३५८ च्या निम्म्या अडकल्या. कुठे अडकतात हे कळायला राउंडभर काळा मार्कर फासला, चेंबरमध्ये दाबून फिरवला आणि काढून पाहिलं: शाई बुलेटच्या खांद्यावर शाबूत होती, केसच्या पोटावर बुलेटच्या बुडाशी एक चकचकीत पट्टा उठला होता. म्हणजे बुलेट रायफलिंगला टेकत नव्हती, केस फुगली होती. खांद्यावरची शाई गेली असती तर बुलेट आणखी खोल बसवावी लागली असती आणि पावडरचा हिशोब पुन्हा तळापासून. इथे त्याची गरज पडली नाही. ३५८ चा साइझर डब्यात गेला.

कार्बाइड कड्याची क्रिम्प डाय काढून साधी टेपर क्रिम्प डाय लावली आणि तिला फक्त एवढंच काम दिलं की तोंडाला दिलेली पसर परत सरळ करायची. केसच्या तोंडाशी ३७९ माप येईल तितकं, बस. ९ मिमीचा राउंड चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतो, त्यामुळे तोंड आत वळवून बुलेटमध्ये रुतवायचं नसतं. आणि बुलेट धरून ठेवायचं काम क्रिम्पचं नाहीच, ते केसच्या भिंतीचं.

उरल्या केस. त्याच्याकडे रेंजवर वेचलेल्या सगळ्या प्रकारच्या केस एकत्र होत्या. बॅटरीच्या उजेडात एकेकीच्या आत बघायला लावलं. दोन प्रकारांत आत स्पष्ट पायरी दिसली, जिच्याखाली भिंत एकदम जाड होते. अशा केसमध्ये जागा कमी असते आणि लांब बुलेटचं बूड थेट पायरीवर जाऊन चेपतं. त्या सगळ्या केस बाजूला काढून पकडीने चेपून टाकल्या, परत वापरल्या जाऊ नयेत म्हणून. उरलेल्या केस बनावटीनुसार वेगळ्या केल्या आणि ज्यांची भिंत पातळ त्या या बुलेटसाठी ठेवल्या.

पुन्हा पाच डमी, पुन्हा पुलर. बूड ३५६.५, पाचातल्या एकाचं ३५६. नळी ३५५.५. बुलेट नेहमीच्या धातूची, लायनोटाइप परत भांड्यात. अंगठ्याने टेबलावर कितीही दाबलं तरी बुलेट हलली नाही, आणि तोच राउंड मॅगझिनमधून पाच वेळा चेंबरमध्ये घालून काढला तरी लांबी तीच भरली.

पावडर छापील तक्त्याच्या तळच्या आकड्यावर आणून दहा राउंड भरले. नंतर दोन पायऱ्यांत थोडं वर. तिसऱ्या पायरीला वेगमापकावर त्याला हवा होता तो आकडा मिळाला, आधी तो ज्या वजनावर पोचला होता त्याहून बरीच कमी पावडर घालून. वायू कडेने निसटायचे थांबल्यावर ते बुलेटला ढकलायच्या कामी आले. ५० राउंड त्याच २० मीटरवरून झाडले. ५० भोकं, सगळी गोल, चपट्या नाकाने कागद कातरल्यासारखी स्वच्छ. स्लाइड एकदाही अडकली नाही. नळी उतरवून बघितली तर फक्त एक राखाडी झाक, जी तेलाच्या एका चिंधीत निघाली. त्याने नळी माझ्या हातातून घेऊन पुन्हा उजेडाकडे धरली आणि बराच वेळ आतच बघत राहिला.

आधीच्या पद्धतीने भरलेले ४२० राउंड त्याच्याकडे शिल्लक होते. "सरावाला वापरून टाकू का? जवळून मारले तर आडवे जाणारही नाहीत," त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्यात वाढवलेली पावडर होती, सैल बुलेट होत्या आणि कुठल्या केसमध्ये पायरी आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. पावडरही जपून ठेवू नकोस म्हटलं, दोन वेगवेगळ्या दिवसांची पावडर एकाच डब्यात मिसळलेली असू शकते.

दोन रविवार तो माझ्या बाकावर बसून ते फोडत होता. दर दहावी बुलेट मापून वहीत टिपत होता, मी सांगितलं नव्हतं तरी. मास्क आणि हातमोजे होते, दर अर्ध्या तासाने हात धुणं होतं आणि खाणं-पिणं बाहेर, शिशाची धूळ बोटांवरून तोंडात जाते म्हणून. दुसऱ्या रविवारी दुपारी त्याने एक बुलेट माझ्यासमोर आणून ठेवली. पायरीच्या केसमधून निघालेली. बुडाची पट्टी ३५२, आणि तिच्यावर पायरीची कड एखाद्या दोऱ्याने आवळावं तशी गोल उमटली होती. ती त्याने वेगळी ठेवली, बाकीच्या सगळ्या भांड्यात टाकल्या आणि भांडं तापायला लावलं.